‘सिस्टेमिक’ म्हणजे नेमकं काय? दोष माणसाचा की व्यवस्थेचा, हे ठरवणारा शब्द

एखादा पूल पडतो, एखादी बँक बुडते, एखादं होर्डिंग कोसळतं. पहिल्या दिवशी बातमी असते, ‘दोषींवर कठोर कारवाई होणार’. मग कुणाचं तरी निलंबन होतं, कुणाला तरी अटक होते. चार-पाच दिवसांनी टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी म्हणतं, ‘हे एका माणसाचं काम नाही, हे सिस्टेमिक फेल्युअर आहे.’ बाकीचे माना डोलावतात आणि चर्चा पुढच्या विषयाकडे जाते.

‘सिस्टेमिक’ हा शब्द गेल्या काही वर्षांत मराठी बातम्यांमध्येही रुळला आहे. सिस्टेमिक रिस्क, सिस्टेमिक करप्शन, सिस्टेमिक भेदभाव. ऐकायला भारदस्त वाटतो, पण तो वापरणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं आहे हे दरवेळी स्पष्ट असतंच असं नाही. आणि या शब्दाचा अर्थ कसा लावला जातो, यावर बरंच काही अवलंबून असतं. शिक्षा कुणाला होणार, नियम बदलणार की नाही, बुडालेले पैसे परत मिळणार की नाही, हे सगळं.

म्हणून हा शब्द जरा उलगडून पाहू.

शेतकऱ्याला हा शब्द आधीपासून माहीत आहे

‘सिस्टेमिक’चं मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे, त्याचा अर्थ अनेक भाग एकत्र जुळून उभी राहिलेली रचना. इंग्रजीत हे विशेषण आधी वैद्यकशास्त्रात रुळलं. त्वचेवर लावलेलं मलम तेवढ्याच जागेवर काम करतं. पोटात घेतलेली गोळी मात्र रक्तात मिसळून सगळ्या शरीरात पोहोचते. हा दुसरा परिणाम ‘सिस्टेमिक’. ल्युपस नावाच्या आजाराच्या पूर्ण इंग्रजी नावातही हा शब्द आहे, कारण तो आजार त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना धरू शकतो.

मराठीत या अर्थाचा उत्तम शब्द आहे, तो मात्र शेतीच्या दुकानात सापडतो. कीटकनाशकांचे दोन प्रकार शेतकरी सहज सांगतो. एक स्पर्शजन्य, म्हणजे किडीच्या अंगावर पडलं तर तिला मारणारं. दुसरं आंतरप्रवाही, म्हणजे पिकाने शोषून घेतलेलं, रसाबरोबर पानापानांत पोहोचणारं. मावा, तुडतुडे अशी रस शोषणारी कीड पानाच्या खालच्या बाजूला लपली तरी तिच्या पोटात ते जातंच. इमिडाक्लोप्रिड हे याचं परिचित उदाहरण. इंग्रजीत अशा औषधाला ‘सिस्टेमिक’ म्हणतात.

‘आंतरप्रवाही’ या शब्दात सिस्टेमिकचा पहिला अर्थ नेमका पकडला आहे. एका जागी घडलेली गोष्ट आतल्या वाटांनी सगळीकडे पोहोचणं. दुसरा अर्थ थोडा वेगळा आहे, पण त्याआधी एक नेहमीचा गोंधळ दूर करू.

‘सिस्टेमॅटिक’ आणि ‘सिस्टेमिक’ एकच का?

नाही. ‘सिस्टेमॅटिक’ म्हणजे पद्धतशीर. ठरवून, क्रमाने, शिस्तीत केलेलं. तुमच्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपीमधला पहिला ‘एस’ सिस्टेमॅटिकचा आहे. दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम. घोटाळाही पद्धतशीर असू शकतो. त्यामागे डोकं असतं, हेतू असतो, करणारा हात असतो.

‘सिस्टेमिक’साठी हेतूची गरज नसते. कुणीही वाईट विचार केलेला नसताना, प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणे केलेलं असतानाही रचनाच अशी असू शकते की निकाल वाईट लागेल. पद्धतशीर अन्याय शोधताना आपण विचारतो, ‘हे कुणी केलं?’ सिस्टेमिक अन्याय शोधताना विचारावं लागतं, ‘हे कशामुळे होत राहतं?’

गुंतवणुकीच्या जगात तर हे दोन्ही शब्द ‘रिस्क’ला जोडून येतात आणि अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. सिस्टेमॅटिक रिस्क म्हणजे बाजाराची सर्वसाधारण जोखीम. व्याजदर वाढले, मंदी आली की बहुतेक शेअर खाली येतात. तुम्ही दहाऐवजी पन्नास कंपन्यांचे शेअर घेतलेत तरी ती टळत नाही. सिस्टेमिक रिस्क म्हणजे एक संस्था कोसळल्यामुळे अख्खी आर्थिक व्यवस्थाच ठप्प होण्याचा धोका. पहिली रोजची आहे, दुसरी क्वचित येते. पण येते तेव्हा शेअर बाजारात एक रुपयाही नसलेल्या माणसाची नोकरी जाऊ शकते.

बँकांच्या भाषेत सिस्टेमिक

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला ८५ अब्ज डॉलरपर्यंतचं कर्ज देऊ करावं लागलं. लेहमनचे कागद बाळगणाऱ्या, अतिशय सुरक्षित समजल्या जाणाऱ्या एका फंडाच्या युनिटची किंमत एका डॉलरच्या खाली गेली. कुणाकडे किती बुडीत कागद आहेत हे कुणालाच ठाऊक नसल्याने बँका एकमेकांना पैसे द्यायला कचरू लागल्या.

विष एका फांदीवर पडलं आणि झाडभर पोहोचलं, असा हा प्रकार होता. त्यानंतर जगभरच्या नियामकांनी अशा संस्थांची वेगळी यादी करायला सुरुवात केली.

भारतात रिझर्व्ह बँकेने यासाठीची चौकट २०१४ मध्ये जाहीर केली. २०१५ मध्ये स्टेट बँक आणि आयसीआयसीआय बँक या यादीत आल्या आणि २०१७ मध्ये एचडीएफसी बँक. मराठीत सांगायचं तर ‘व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या’ बँका. निवड करताना बँकेचा आकार, इतर संस्थांशी असलेले तिचे व्यवहार, तिची जागा दुसरी बँक सहज घेऊ शकेल का आणि तिच्या कारभाराची गुंतागुंत किती, हे पाहिलं जातं. या बँकांना इतरांपेक्षा जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. १ एप्रिल २०२५ पासून हे जादा प्रमाण जोखीमभारित मालमत्तेच्या ०.८० टक्के स्टेट बँकेसाठी, ०.४० टक्के एचडीएफसीसाठी आणि ०.२० टक्के आयसीआयसीआयसाठी आहे.

इथे ‘सिस्टेमिक’ ही शिवी नाही. या बँकांनी काही चूक केली असं त्यातून सूचित होत नाही. त्या पडल्या तर त्यांच्यासोबत बरंच काही पडेल, एवढाच त्याचा अर्थ.

मग पीएमसी बँक ‘सिस्टेमिक’ होती की नव्हती?

आता त्या दुसऱ्या अर्थाकडे येऊ.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १ हजार रुपये काढता येतील, असा आदेश निघाला. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, पण मुंबई आणि परिसरातल्या अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार बँकेच्या कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती.

बनावट खाती उघडणं हे सिस्टेमॅटिक होतं, पद्धतशीर. त्यावर वाद नाही.

पण ही बँक बुडणं सिस्टेमिक होतं का? पहिल्या अर्थाने नाही. पीएमसी बुडाल्याने देशाची बँकिंग व्यवस्था थांबली नाही. इतर बँकांची एटीएम सुरू होती, पगार जमा होत होते. ज्या ठेवीदाराचे निवृत्तीचे पैसे अडकले, त्याच्यासाठी सगळं संपल्यासारखं होतं, पण नियामकाच्या भाषेत ही एका बँकेपुरती घटना होती.

दुसऱ्या अर्थाने मात्र उत्तर बदलतं. परिणाम कुठपर्यंत पसरला हे बाजूला ठेवून कारण कुठे होतं ते पाहिलं, तर ते एका शाखेत किंवा एका अधिकाऱ्यात संपत नाही. सहकारी बँकांवर दोघांचं नियंत्रण होतं. बँकिंगपुरतं रिझर्व्ह बँकेचं आणि संचालक मंडळ, व्यवस्थापन, लेखापरीक्षण अशा बाबतींत सहकार निबंधकांचं. दोन मालकांचं जनावर उपाशी राहतं तसं काहीसं. खोटी खाती वर्षानुवर्षं पकडली गेली नाहीत, आणि ती पकडण्याची जबाबदारी पूर्णपणे कुणाची, हेही धूसर होतं. शिवाय ठेवींवरचं विमासंरक्षण १९९३ पासून १ लाख रुपयांवरच होतं.

म्हणजे पीएमसी प्रकरण पसरण्याच्या अर्थाने सिस्टेमिक नव्हतं, पण कारणाच्या अर्थाने होतं. हे ओळखलं गेल्यावर काय बदललं तेही पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचं विमासंरक्षण ५ लाख रुपये झालं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला मात्र १० वर्षांपर्यंत चालणारं परतफेडीचं वेळापत्रक आलं.

दोषींना नुसती अटक झाली असती आणि नियम तसेच राहिले असते, तर पुढच्या बुडणाऱ्या बँकेच्या ठेवीदाराला पुन्हा १ लाखाचंच संरक्षण मिळालं असतं. ‘सिस्टेमिक’ हा शब्द गांभीर्याने घेतला की काय होतं, ते इथे दिसतं.

हातमोजे घातले नाहीत, एवढंच कारण?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉससारखं आंतरप्रवाही कीटकनाशकही होतं.

सुरुवातीचं एक स्पष्टीकरण सोपं होतं. शेतकऱ्यांनी मास्क, हातमोजे, गॉगल वापरले नाहीत. ते खोटं नव्हतं. पण एकाच हंगामात, एकाच पट्ट्यात इतक्या माणसांनी तीच ‘चूक’ केली असेल, तर तिला वैयक्तिक निष्काळजीपणा म्हणून भागतं का?

व्यवस्थेकडे पाहिलं की वेगळे प्रश्न समोर येतात. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता, त्यामुळे फवारा अंगावर, तोंडावर येत होता. उकाड्यात, दमट हवेत जाड संरक्षक कपडे घालून दिवसभर पंप पाठीवर वागवणं जवळपास अशक्य. किडीचा हल्ला वाढला की दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याची रीत पडलेली. कोणतं औषध, किती प्रमाणात, हा सल्ला बहुतेक वेळा दुकानदाराकडूनच मिळणारा. आणि फवारणी करणारा अनेकदा मजूर, ज्याने डब्यावरची सूचना कधी पाहिलेलीच नाही.

‘हातमोजे घाला’ ही सूचना तेवढ्याच माणसांना सांगितली, तर पुढच्या वर्षी वेगळी माणसं त्याच परिस्थितीत उभी राहतात. इथे सिस्टेमिकची सर्वात साधी कसोटी सापडते. माणसं बदलूनही निकाल तोच राहत असेल, तर कारण माणसांत नाही, रचनेत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द कसा वापरला?

कुणाचा हेतू वाईट नसतानाही भेदभाव होऊ शकतो का? २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर ‘हो’ असं दिलं. लेफ्टनंट कर्नल नितीशा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात ‘सिस्टेमिक भेदभावा’ची संकल्पना सविस्तर मांडली आहे.

प्रश्न होता लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी नियुक्तीचा. २०२० च्या निकालानंतर त्यांना ही संधी मिळाली होती. निकष कागदावर स्त्री-पुरुष दोघांना सारखेच दिसत होते. विशिष्ट वैद्यकीय तंदुरुस्ती हवी आणि सेवेतले वार्षिक गोपनीय अहवाल चांगले हवेत.

मग भेदभाव कुठे होता? पुरुष अधिकाऱ्यांची ही तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे तरुणपणी होते. महिलांना तेव्हा संधीच नव्हती. आता चाळिशी-पन्नाशीला आलेल्या महिलांना तोच वैद्यकीय निकष लावला जात होता. गोपनीय अहवालांचंही तसंच. ते लिहिले गेले तेव्हा या अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नियुक्ती मिळणारच नव्हती, त्यामुळे त्यांचं मूल्यमापन कसं होतं याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं नव्हतं. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी केलेली कामगिरी मात्र विचारात घेतली जात नव्हती.

न्यायालयाने वैद्यकीय निकष चुकीचा ठरवला नाही. तो ज्या वेळी आणि ज्या रीतीने लावला गेला, ते चुकीचं ठरवलं. कुठल्याही एका अधिकाऱ्याला दोषी न ठरवता न्यायालयाने नियमावर, तो लावण्याच्या वेळेवर आणि त्याच्या परिणामावर बोट ठेवलं. ‘सिस्टेमिक’ हा आरोप असा सिद्ध करावा लागतो, नुसता म्हणून भागत नाही.

हा शब्द पळवाट कधी बनतो?

जबाबदार कोण असं विचारल्यावर ‘सिस्टीमच तशी आहे’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कुणीच नाही’ असा होतो. सगळेच जबाबदार म्हटलं की कुणालाच जबाब द्यावा लागत नाही.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हे होर्डिंग सुमारे १२० बाय १२० फुटांचं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. आपली परवानगी घेतलीच नव्हती, असं महापालिकेचं म्हणणं. म्हणजे दोन यंत्रणांच्या मधल्या फटीत ते उभं होतं. ही फट सिस्टेमिक आहे. पण तिचा अर्थ असा नाही की परवानगीच्या कागदावर सही करणारा, होर्डिंग बांधणारा किंवा तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा माणूस सुटला. त्याची चौकशी व्हायलाच हवी आणि ती झाल्यावर फटही बुजवायला हवी.

उलट टोकाचं उदाहरण २९ सप्टेंबर २०१७ चं. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. रेल्वेच्या सुरुवातीच्या चौकशीत अचानक आलेला पाऊस, जिन्यावर थांबलेली गर्दी आणि अफवा ही कारणं पुढे आली. त्या दिवशी ते खरंही असेल. पण परळ भागातल्या गिरण्या जाऊन तिथे कार्यालयांचे टॉवर उभे राहिले, प्रवासी कैक पटींनी वाढले आणि पूल मात्र अरुंदच राहिला. नव्या पुलाची मागणी जुनी होती, कागदावर मंजुरीही मिळाली होती. पाऊस तर मुंबईत दरवर्षी पडतो.

घाटकोपरला ‘व्यवस्था’ म्हणून माणसं सुटायला नकोत आणि एल्फिन्स्टनला ‘पाऊस’ म्हणून व्यवस्था सुटायला नको.

मराठीत काय म्हणावं?

एकच प्रतिशब्द सगळीकडे चालणार नाही. औषध किंवा कीटकनाशकासाठी ‘आंतरप्रवाही’ आहेच. बँकांच्या संदर्भात ‘व्यवस्थेला असलेला धोका’ म्हटलं तर लगेच कळतं. भेदभाव किंवा भ्रष्टाचाराबद्दल ‘व्यवस्थागत’ हा शब्द आता रुळतो आहे. ‘पद्धतशीर’ मात्र टाळावा, कारण तो सिस्टेमॅटिकचा अर्थ आहे आणि त्यातून हेतूचा आरोप होतो.

पुढच्या वेळी बातमीत ‘सिस्टेमिक’ ऐकलंत, तर चार प्रश्न विचारून पाहा.

पहिला, परिणाम सगळीकडे पसरला असं म्हणायचं आहे की कारण रचनेत आहे असं? दुसरा, माणसं बदलली असती तर निकाल बदलला असता का? तिसरा, नेमका कोणता नियम, कोणती फट, कोणती सवय? आणि चौथा, ती बदलण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे?

बोलणाऱ्याकडे शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं असतील, तर त्याने आजाराचं निदान केलं आहे. नसतील, तर त्याने फक्त खांदे उडवले आहेत, तेवढे इंग्रजीत.